आईच्या जांघेत गाठ आलीय, रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करू का?

पत्र: "ताई नमस्कार. माझी आई ६७ वर्षांची आहे, शुगर आणि बीपी दोन्ही आहे. ९ दिवसांपूर्वी तिची अँजिओप्लास्टी झाली, उजव्या जांघेतून, एक स्टेंट टाकलाय. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. घरी आल्यापासून ती जरा वाकून चालत होती, विचारलं की म्हणायची काही नाही गं, ओढल्यासारखं होतंय. काल आंघोळीला मदत करताना बघितलं तर मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी आणि टोचलेल्या जागी लिंबाएवढी गाठ, हात ठेवला तर धडधडतेय. चार दिवसांपासून आहे म्हणे, पण तसल्या जागेचं कुणाला दाखवायचं म्हणून गप्प बसली. हॉस्पिटलला फोन केला तर 'असं थोडं होतंच, कमी होईल' म्हणाले. शेजारच्या काकू म्हणतात मिठाचा शेक दे आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या दोन-चार दिवस बंद ठेव. त्यांच्या मिस्टरांची मनगटातून झाली होती, त्यांना काहीच त्रास झाला नाही. मग आईची जांघेतून का केली? काही चूक झालीय का? खूप घाबरलेय." (एक मुलगी, सातारा जिल्हा)

ताई, जे लगेच करायचंय ते आधी सांगते, बाकीचं नंतर सावकाश वाचलंत तरी चालेल. आईंना आजच हॉस्पिटलमध्ये न्या, उद्या परवा नाही, आजच, आणि जांघेतल्या त्या जागेची डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे आत रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. जिथे अँजिओप्लास्टी झाली तिथेच नेलंत तर उत्तम, ते लांब असेल तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. गोळ्या बंद करायच्या नाहीत, एकही नाही, आज सकाळची राहिली असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारून घ्या. आणि शेक अजिबात नको, ना मिठाचा ना विटेचा ना गरम पाण्याच्या पिशवीचा, तेल लावून चोळायचं पण नाही.

मी कॅथलॅब (जिथे अँजिओप्लास्टी करतात ती खोली) आणि सीसीयू (हार्टच्या पेशंटचा अतिदक्षता विभाग) मिळून २४ वर्षं सिस्टर म्हणून काम केलंय. डॉक्टर टाके घालतात, स्टेंट टाकतात, पण नंतर ती जांघ दाबून धरणं, रात्री दर थोड्या वेळाने चादर बाजूला करून बघणं, पायाची नाडी लागते का ते बघणं हे सिस्टर आणि टेक्निशियनचं काम असतं, त्यामुळे ह्या गाठी मी हाताने खूप वेळा बघितल्यात. म्हणून जे लिहितेय ते मनापासून लिहितेय.

गोळ्यांचं आधी, कारण त्यातच जीवाला धोका आहे. स्टेंट म्हणजे धातूची जाळी, नवीन असताना ती रक्ताला परकी असते, तिच्यावर रक्त चिकटून गुठळी व्हायला बघते, म्हणून ॲस्पिरिन आणि त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल अशी दुसरी गोळी देतात. पहिला महिना सगळ्यात नाजूक. ह्या काळात गोळ्या सोडल्या आणि स्टेंट बंद पडला तर थेट मोठा हार्ट अटॅक येतो, आणि त्यातून पेशंट वाचेलच असं नाही. जांघेतल्या गाठीवर उपाय आहेत, चांगले उपाय आहेत, आणि ते बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच करता येतात. काकूंचं मन चांगलंय, त्यांना वाटतं रक्त पातळ आहे म्हणून साकळतंय, ते अर्धं खरंही आहे, पण गोळी कमी करायची, बदलायची की तशीच ठेवायची हे फक्त हार्टच्या डॉक्टरांनी ठरवायचं. आईंना ठोके अनियमित असल्यामुळे ॲसिट्रॉम, वॉरफेरिन असलं वेगळं औषधही चालू असेल तर ते मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा कारण त्याने हिशोब बदलतो. अजून एक, दुखतंय म्हणून मेडिकलमधून कॉम्बिफ्लाम, व्होवेरान असलं काही आणून देऊ नका, ह्या गोळ्यांबरोबर ते घेतलं की रक्तस्राव वाढतो आणि पोटातही रक्त येऊ शकतं. पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांना सांगून.

आता गाठीचं. जांघेतून करतात तेव्हा मांडीच्या मोठ्या धमनीत सुई घालून त्यातून एक नळी बसवतात, तिला शीथ म्हणतात. नेहमीची शीथ ६ फ्रेंचची, म्हणजे आतून २ मिलिमीटर. सगळं झाल्यावर नळी काढली की धमनीला तेवढं भोक राहतं आणि ते भोक दाबून धरून बंद करायचं असतं, हाताने १५-२० मिनिटं, काही ठिकाणी कोलॅजनचं बूच नाहीतर टाक्याचं डिव्हाइस वापरतात. दाबल्यावर ते बंद का होतं, तर त्या जागी धमनीच्या मागे मांडीच्या हाडाचं गोल डोकं असतं, त्यावर धमनी दाबली जाते. म्हणजे सुई त्या हाडासमोरच्या भागात लागली तर दाबायला आधार मिळतो. थोडी खाली लागली, जिथे धमनीच्या दोन फांद्या होतात, तर मागे हाड नाही, सगळं मऊ मांस, कितीही दाबलं तरी भोक नीट बंद होत नाही. आणि वर लागली तर रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत जातं, त्याबद्दल पुढे सांगते. एकदीड इंचाचा खेळ आहे सगळा, म्हणून आता बरेच डॉक्टर सोनोग्राफीवर बघूनच सुई घालतात.

भोक नीट बंद झालं नाही की काय होतं? शेतातल्या पाइपलाइनला मातीखाली बारीक भोक पडलं की वर पाणी दिसत नाही पण आतली माती पोकळ होत जाते, तसंच. कातडी वरून मिटलेली असते, आत धमनीतून रक्त बाहेर येतं, आजूबाजूच्या मांसात अडकतं आणि एक पिशवी तयार होते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रक्त त्या बारीक मानेतून पिशवीत जातं आणि परत येतं, म्हणून गाठ धडधडते. ह्याला स्यूडोॲन्युरिझम म्हणतात, स्यूडो म्हणजे खोटा, कारण ह्या पिशवीला धमनीची खरी भिंत नसते. भिंत नाही म्हणून ती वाढू शकते, क्वचित फुटू शकते. आणि म्हणूनच शेक आणि मालिश नको म्हटलं. गरमाने रक्त अजून धावतं आणि चोळल्याने जी काही थोडीफार गुठळी बसली असेल ती सुटते.

पण हे पण सांगते की आईंना तेच झालंय असं मी पत्रावरून म्हणू शकत नाही. नुसतं साकळलेल्या रक्ताचा गोळा असला, त्याला हिमॅटोमा म्हणतात, तरी तो धमनीच्या वरच बसलेला असतो त्यामुळे खालचे ठोके हाताला लागतात आणि वाटतं गाठच धडधडतेय. हाताने फरक सांगणं अनुभवी डॉक्टरांनाही कठीण जातं, म्हणून घरी सारखं दाबून बघत बसू नका. डॉप्लरमध्ये १०-१५ मिनिटांत कळतं. पिशवी असेल तर रंगात अर्धी लाल अर्धी निळी फिरताना दिसते आणि मानेत रक्त आत-बाहेर जाताना दिसतं, नुसता गोळा असेल तर आत काहीच फिरत नाही. सोनोग्राफीवाल्यांना नीट सांगा की अँजिओप्लास्टी जांघेतून झालीय, ९ दिवस झाले, टोचलेल्या जागी धडधडणारी गाठ आहे, धमनी आणि नीला (रक्त हृदयाकडे परत नेणारी शीर) दोन्ही बघा. हे सांगायचं कारण असं की नुसतं 'पायाचा डॉप्लर' म्हटलं की कधी कधी फक्त नीलेतली गुठळी शोधणारा डॉप्लर होतो आणि पेशंट नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी येतो.

मांडी काळीनिळी झालीय ते दिसायला भयंकर असतं पण त्याची एवढी काळजी करू नका. रक्त कातडीखालून उताराने खाली सरकतं, गुडघ्यापर्यंत जातं, पुरुषांमध्ये तर वृषणाच्या पिशवीपर्यंत उतरतं आणि माणूस घाबरून जातो. निळं, मग हिरवट, मग पिवळं होत २-३ आठवड्यांत जातं. वाटाण्याएवढी टणक, न धडधडणारी, न वाढणारी गाठ काही आठवडे राहू शकते, तेही चालतं. न चालणारं म्हणजे धडधडणं, वाढत जाणं, खूप दुखणं, वरची कातडी ताणून चकचकीत होणं, गरम लागणं, पू किंवा ताप. लिंबाएवढी आणि धडधडणारी ही "असं थोडं होतंच" मध्ये बसत नाही. फोनवर न बघता असं सांगायला नको होतं, ह्यात मी त्यांची बाजू घेणार नाही.

डॉप्लरमध्ये पिशवी निघाली तर पुढे काय, ते आधीच माहीत असलं की तिथे गोंधळ होत नाही. पिशवी लहान असेल, साधारण २ सेंटिमीटरच्या आत, आणि वाढत नसेल तर आठवड्याने परत डॉप्लर करून वाट बघतात, बऱ्याच आपोआप बंद होतात, पण रक्त पातळ करायची औषधं चालू असताना हा भरवसा कमी असतो. दुसरा उपाय म्हणजे सोनोग्राफीच्या प्रोबनेच बरोबर त्या मानेवर दाबून धरणं, १०-१० मिनिटं, परत परत. हे खूप दुखतं, मी पेशंटचा हात धरून उभी राहिलेय, आधी दुखण्याचं औषध देतात तरी डोळ्यातून पाणी येतं, आणि गोळ्या चालू असल्या की यश कमी मिळतं. म्हणून आता जास्त करून तिसरा उपाय करतात, थ्रॉम्बिनचं इंजेक्शन. सोनोग्राफीत बघत बारीक सुई त्या पिशवीत घालायची आणि थोडंसं थ्रॉम्बिन सोडायचं, पिशवीतलं रक्त डोळ्यांदेखत काही सेकंदांत गोठतं, फिरणारा रंग बंद होतो. ९० टक्क्यांहून जास्त पेशंटमध्ये ह्यानेच काम होतं. इथे घरचे लोक नेहमी घाबरतात की एकीकडे रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि दुसरीकडे गोठवायचं इंजेक्शन, मग स्टेंट बंद नाही का होणार? नाही होत. औषध अगदी थोडं असतं आणि ते त्या पिशवीतच काम करतं. क्वचित थोडं औषध पायाच्या धमनीत निसटू शकतं, म्हणून आधी आणि नंतर पायाची नाडी बघतात, आणि पिशवीची मान खूप रुंद असेल तर डॉक्टर दुसरा विचार करतात. ऑपरेशन उरतं ते पटापट वाढणाऱ्या, इन्फेक्शन झालेल्या, कातडी किंवा नस (म्हणजे मज्जातंतू) दाबणाऱ्या गाठींसाठी, ते व्हॅस्क्युलर सर्जन करतात.

कधी कधी डॉप्लरमध्ये तिसरंच निघतं, सुई धमनीतून आरपार शेजारच्या नीलेत गेलेली असते आणि दोघींमध्ये वाट तयार होते, ए व्ही फिस्टुला. त्यावर हात ठेवला तर मांजर घरघरतं तसं जाणवतं. लहान असेल तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात, त्या नावाला घाबरू नका.

एक मात्र हात जोडून सांगते. जांघेतली गाठ कुणालाही, अगदी ओळखीच्या डॉक्टरांनाही, डॉप्लरशिवाय कापू देऊ नका. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, घरच्यांनी अँजिओप्लास्टीचं सांगितलंच नव्हतं, गावात गळू समजून चिरा मारायची तयारी झाली होती, सुई टोचल्यावर लालभडक रक्ताची चिळकांडी उडाली तेव्हा लक्षात आलं. वाचल्या, पण ऑपरेशन, ५ बाटल्या रक्त आणि महिनाभर ड्रेसिंग. म्हणून डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या आणि कुणी विचारायची वाट न बघता पहिलं वाक्य अँजिओप्लास्टीचंच बोला.

आता ते पोटामागचं रक्त. ह्यात वरून काही दिसत नाही म्हणून ते सगळ्यात फसवं. एक काका होते, अँजिओग्राफी होऊन ५ तास झालेले, जांघ अगदी स्वच्छ, पण पाठ दुखतेय पाठ दुखतेय म्हणत होते. सगळ्यांना वाटलं सरळ झोपून झोपून दुखत असेल, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं, उशी सरकवून दिली. मग हात धरला तर गार घाम, बीपी बघितलं तर ८०. रक्त कंबरेच्या आत साठत होतं. सीटी केला, रक्त चढवलं, वाचले. तेव्हापासून जांघेतून प्रोसिजर झालेल्या पेशंटने कंबर, कुशी किंवा खालचं पोट दुखतंय म्हटलं की मी आधी बीपी बघते, मग उशी. हे बहुतेक पहिल्या दिवसातच होतं, तुमच्या आईंचे ९ दिवस झालेत, तरी चक्कर, गार घाम, पाठ-कुशीत दुखणं असं काही झालं तर १०८. तसंच पाय अचानक थंड पडला, पांढरा किंवा निळसर झाला, बधिर झाला, बोटं हलवता येईनात तर पायाचा रक्तपुरवठा अडलाय, त्यात काही तासांतच पाय वाचवायचा असतो, सकाळपर्यंत थांबायचं नाही. मांडीच्या पुढच्या बाजूला नुसत्या मुंग्या येत असतील तर ती बहुतेक नस दबल्याने, ते दाखवताना सांगा.

आणि देव न करो पण जायच्या आधी किंवा वाटेत रक्त वाहायला लागलं तर आईंना तिथेच सपाट झोपवा, तीन बोटांनी कातडीवरच्या भोकाच्या जरा वर, पोटाच्या बाजूला, जोर लावून दाबून धरा, कारण धमनीचं भोक कातडीच्या भोकापेक्षा वर असतं. कापसाचे बोळे रचत बसू नका, दोरी-पट्टा बांधू नका, थांबलं का बघायला बोटं उचलू नका, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. गाडीत बसवतानाही शक्यतो मागच्या सीटवर पाय लांब करून न्या, मोटरसायकलवर अजिबात नको.

आता तुमचा प्रश्न, मनगटातून का नाही केली, चूक झाली का. मनगटातून अँजिओग्राफी कॅनडातल्या ल्युसियन काम्पो ह्यांनी १९८९ मध्ये मांडली आणि ॲम्स्टरडॅममध्ये फर्डिनांड किमेनाय ह्यांनी १९९२ मध्ये तिथून अँजिओप्लास्टी करायला सुरुवात केली. मनगटातली धमनी बारीक, वरच, मागे हाड, पट्टा बांधला की झालं, पेशंट लगेच उठून बसतो. २०११ मध्ये रायव्हल नावाचा मोठा अभ्यास आला, ७०२१ पेशंट, त्यात रक्तवाहिनीचे मोठे त्रास जांघेतून केलेल्यांमध्ये ३.७ टक्के आणि मनगटातून केलेल्यांमध्ये १.४ टक्के निघाले. म्हणजे मनगट जास्त सुरक्षित हे खरंय आणि आता जिथे जमेल तिथे तेच करतात. पण प्रत्येकाचं जमत नाही. बायकांची मनगटातली धमनी बारीक असते, सुई लागली की आखडते, काहींची वर खांद्यापाशी खूप वळणाची असते, किडनीच्या पेशंटची डायलिसिससाठी राखून ठेवतात, व्हॉल्व्ह बदलण्यासारख्या कामाला जाड नळी लागते ती मनगटात मावतच नाही. आणि ज्या पेशंटना जांघेत त्रास होतो त्यात वय जास्त, बाई, बीपी, खूप बारीक किंवा खूप जाड अंग हेच जास्त असतात, तुमच्या आईंमध्ये ह्यातल्या तीन गोष्टी आहेत. त्यामुळे गाठ आली म्हणजे डॉक्टर चुकले असं लगेच म्हणता येत नाही, चांगल्या हातूनही होतं. पण का जांघेतून केली हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, भांडायला नाही, पुढच्या वेळी कुठून करायचं ते ठरवायला उपयोगी पडतं. फुले योजनेतून झालं असेल तर त्याच हॉस्पिटलच्या आरोग्यमित्रांना आधी भेटा, डॉप्लर आणि पुढच्या उपचाराचं योजनेत काय बसतं ते तेच सांगतील.

डॉक्टर सांगत नाहीत तोवर आईंना उकिडवं बसू देऊ नका, संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची खुर्ची आणा, कुंथायला लागू नये म्हणून पोट साफ होईल असं बघा, हंडा-कळशी उचलणं, खाली मांडी घालून भाकऱ्या थापणं, जिने सारखे चढणं सध्या बंद. खोकला-शिंक आली तर त्या जागेवर तळहात हलकेच ठेवायचा.

आणि आईंच्या लाजेबद्दल. चार दिवस गप्प बसल्या म्हणून त्यांना रागावू नका. आपल्याकडे बायका छातीतलं दुखणं सांगतात पण जांघेतलं सांगत नाहीत, मी वॉर्डात रोज बघायचे, राउंडला डॉक्टर विचारायचे जागा ठीक आहे ना, बाई मान हलवायची, आणि पडदा ओढून मी बघितलं की परकराच्या नाडीखाली एवढा मोठा गोळा. तिथे गेल्यावर तुम्हीच सांगा की बाई डॉक्टर किंवा सिस्टर बरोबर हव्यात, पडदा ओढा, सगळे सैल कपडे घालून न्या म्हणजे फक्त तेवढीच जागा उघडी करता येते, डॉप्लरला जास्त लागत नाही. बरोबर घरातले पुरुष असतील तर त्यांना बाहेर बसवा, तुम्ही आत थांबा.

रिपोर्ट हातात आला की त्यात पिशवीचा आकार आणि मानेची लांबी-रुंदी लिहिलेली असेल, ते आकडे आणि चालू गोळ्यांची नावं मला लिहून पाठवा, मी त्याच दिवशी उत्तर देते.